सगुणाबाईनं घेतलेलं नाव

राजूरच्या बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात. "अवं कारभारी, भाकर खाऊन घ्या," "आमचे कारभारी बाजारला गेले," असं चालतं दिवसभर. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही म्हटल्यावर त्याला काहीतरी म्हणायला तर पाहिजे! तर कारभारी. राजुरात काय आणि भोकरदनात काय, घरोघर हाच शब्द. आता सगुणाबाईची पंचाईत बघा. तिच्या नवऱ्याचं नावच कारभारी. आईबापानं बाराव्या दिवशी हौसेनं ठेवलेलं. म्हणजे जो शब्द गावातल्या झाडून सगळ्या बायका बिनघोर वापरायच्या, नेमका तोच तिला बंद.

मग ती "अवं" म्हणायची. लोकांत "आमचं माणूस" म्हणायची. विहिरीवर शेजारची साळूबाई मुद्दाम छेडायची, "सगुणा, आमचे कारभारी रानात गेले. तुझे कोण गेले गं?"

"आमचं माणूस बी गेलं."

"माणूसच हाये ना? मला वाटलं बैल गेला."

मग बायका पोट धरून हसायच्या, आणि सगुणाबाईही हसायची. पण शब्द काही तोंडातून काढायची नाही. तिची सासू सोनूबाई, फार कडक बाई, तिनं पहिल्याच दिवशी नव्या सुनेला समोर बसवून सांगितलं होतं, की बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. उखाण्यात घेतलं तर चालतं, तिथं नाव यमकाच्या आडोशाला असतं. पण उघडं नाव घ्यायचं नाही. सासू जाऊन जमाना झाला, तरी सगुणाबाईनं ते पाळलं. तुम्ही म्हणाल, खुळी समजूत. असेल. पण ज्याच्यावर जीव असतो त्याच्या बाबतीत माणूस उगीच जोखीम घेत नाही.

निजामाचं राज्य होतं, तेव्हाची ही गोष्ट. कारभारीचं शेत होतं, चारचौघांसारखं पिकत होतं, पण शेतासाठी त्याला कोणी ओळखत नव्हतं. ओळखायचे ते शंकरपटामुळं. संक्रांत उरकली की गावोगाव पट भरायचे. मोकळ्या माळावर दोन सरळ वाटा आखायच्या, बैलांच्या दोन जोड्या शेजारीशेजारी सोडायच्या, आणि पहिली पोचेल ती जिंकली. पटाचा छकडा म्हणजे नुसतं खेळणं. दोन चाकं, एक दांडी आणि पाटाएवढी फळी. त्या फळीवर उकिडवं बसून जोडी हाकणारा तो धुरकरी. घसरला तर खाली जमीन आणि मागं चाक, मध्ये दुसरं काही नाही.

कारभारीसारखा धुरकरी त्या भागात दुसरा नव्हता. हरण्या आणि चित्र्या ही त्याची घरची जोडी, सगुणाबाईच्या हातची पेंड खाऊन वाढलेली. त्यानं कधी पराणी टोचली नाही. जीभ टाळूला लावून एक आवाज काढायचा, की जोडी सुटलीच. खोड त्याला एकच होती. कासऱ्याचा वेढा तो डाव्या मनगटाला घालायचा. कासरा सुटला तर जोडी बाद आणि धुरकऱ्याची अब्रू गेली, असं त्याच्या बापानं त्याच्या डोक्यात भरवलेलं होतं. बाकीचे धुरकरी कासरा मुठीत धरायचे. हा मनगटाला बांधूनच घ्यायचा म्हणा ना.

त्या वेढ्यानंच घात केला. राजूरच्याच माळावर पट होता. चाक दगडावर चढलं, फळी कलली, कारभारी खाली. कासरा सोडला असता तर खरचटण्यावर निभावलं असतं. पण सोडतो कसला! जोडी पळतेय, हा छकड्याच्या बाजूनं फरपटतोय, आणि माळ ओरडतोय, "सोड रे, सोड!" शेवटी छकडा त्याच्या अंगावर आला आणि डावा खुबा मोडला.

पटाला बायका जायच्या नाहीत. सगुणाबाई चुलीपुढं होती. माळावरून गलका आला तो नेहमीचा नव्हता. तिनं तव्यावरची भाकर तशीच टाकली आणि पळत सुटली.

त्याला गाडीत घालून जालन्याला नेला, मार्तंडराव डॉक्टरांच्या दवाखान्यात. गाडीबरोबर आलेले पुरुष त्याला उचलून आत नेत होते. ओसरीवर सगुणाबाई आणि सोबतीला आलेली साळूबाई. तिथं मुकुंद म्हणून कंपाउंडर होता, शहरातला, चटपटीत. तो दौत-टाक घेऊन बसलेला.

"पेशंटचं नाव सांगा. जल्दी."

सगुणाबाईनं साळूबाईकडं बघितलं. साळूबाई म्हणाली, "कारभारी."

"ते कळलं हो. नाव काय?"

"कारभारी."

"बाई, हिचे कारभारी आहेत हे दिसतंय मला. माझे कसे असतील? नाव विचारतोय!"

"मंग मी काय सांगून राह्यले? कारभारी!"

मुकुंदनं टाक खाली ठेवला. त्याला वाटलं, या खेड्यातल्या बायकांचं डोकंच चालत नाही. साळूबाईला वाटलं, हा माणूस बहिरा आहे. ती सगुणाबाईला म्हणाली, "तूच सांग गं. उखाण्यात घे." आता नवरा आत विव्हळतोय आणि बाईनं यमक जुळवत बसायचं! सगुणाबाईनं खरंच प्रयत्न केला हो. ओठ हलले तिचे. पण लग्नात पाठ केलेले सगळे उखाणे डोक्यातून पुसून गेले होते. ती नुसती पदराचं टोक पिळत राहिली.

तेवढ्यात आतून, बाकावर पडल्या पडल्या, कारभारीच ओरडला, "आरं बाबा, माझंच नाव हाये ते! लिही की!" एवढं बोलून त्याची शुद्ध गेली.

त्या दिवशी तो जगतो का मरतो, कुणालाच सांगता येत नव्हतं. जगला. आणि सगुणाबाईच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. एवढ्या वाईट वेळेलाही आपण नाव घेतलं नाही, म्हणून तो वाचला.

पायाला वजन टांगून तो कितीतरी दिवस पडून होता. त्याचं सगळं सगुणाबाईनं केलं. न्हाऊ घालणं, भरवणं, आणि जे सांगायचं नसतं तेही. मग तो काठीवर आला, मग काठी सुटली. डावा पाय जरा ओढायचा, पण नांगर धरायचा, पेरायचा, सगळं करायचा. बाहेरून बघणारा म्हणेल, चांगला झाला की माणूस! पण घरातलं घरच्यालाच ठाऊक. कारभारी गप्प झाला होता. हिवाळा आला, पटांच्या हलग्या वाजायला लागल्या, की हा शेताच्या पार पलीकडच्या बांधाला जाऊन बसायचा, जिथं आवाज पोचत नाही. हरण्या-चित्र्याला दुसऱ्या धुरकऱ्यांनी जुंपून बघितलं. जोडी माळावर नुसती उभी राहिली. हलली नाही.

एके दिवशी दुपारी सगुणाबाई भाकरी घेऊन शेतातल्या गोठ्याकडं गेली आणि कुडाजवळच थबकली. आत कारभारीनं दोन धोंड्यांवर फळी टाकली होती. तिच्यावर तो उकिडवा बसला होता. खुंटीला बांधलेला कासरा त्याच्या हातात. डोळे मिटलेले. जिभेनं तो आवाज काढत होता, हळूच, आणि दावणीला हरण्या कान टवकारून पाय आपटत होता. दुखऱ्या पायामुळं कारभारी एका बाजूला कलत होता, सावरत होता, परत कलत होता. पण चेहरा! तो चेहरा सगुणाबाईनं खुबा मोडल्यापासून बघितलाच नव्हता. ती तशीच मागं फिरली, थोडी लांब गेली, आणि मग बांगड्या वाजवत, खाकरत, पुन्हा आली. आली तेव्हा तो दावणीजवळ उभा राहून वैरण टाकत होता.

"जेवता ना?"

"जेवतो की."

पण तिला कळलं होतं, की हे आता थांबायचं नाही.

आणि झालंही तसंच. जालन्याला मोठा पट ठरला. जिल्ह्याचे अंमलदार तालुकदारसाहेब स्वतः येणार, आसपासच्या नामी जोड्या येणार. राजूरचे रामराव, गावातलं बडं प्रस्थ, घरी येऊन बाजेवर बसले. "कारभारी, गावाची इज्जत हाये. तू बिलकुल बरा झाला. बस एकदा."

कारभारी म्हणाला, "घरात इचारतो."

रामराव मोठ्यानं हसले. "पटात बसायला बायकोला इचारणार? मर्द ना तू?"

"पडलो तर तुम्ही काढणार का माझी घाण?" कारभारी शांतपणे म्हणाला. "तिनं काढली. मंग तिलाच इचाराय पायजे."

चुलीजवळ बसून सगुणाबाई हे ऐकत होती. भांडायची सगळी तयारी करून बसली होती बिचारी, आणि या माणसानं तिच्या हातातलं भांडणच काढून घेतलं. तिला राग यावा की रडू यावं कळेना. ती बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "डॉक्टरला इचारू." तिला वाटलं, डॉक्टर शिकलेला माणूस, नाहीच म्हणेल. आपण वाईट व्हायला नको.

मार्तंडरावांनी खुबा दाबून बघितला, पाय वाकवून बघितला, चालवून बघितलं. म्हणाले, "हाड छान जुळलंय. पण पुन्हा त्याच जागी मार बसला, तर परत जुळेल असं मी सांगणार नाही. कदाचित कायमचं अंथरुण."

"मंग न्हाई म्हणून सांगा ना ह्यांना," सगुणाबाई म्हणाली.

"मी नाही म्हटलं तर ते ऐकतील?"

सगुणाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. डॉक्टर चांगला माणूस होता. म्हणाले, "बाई, मी हाड जोडू शकतो. पटाशिवाय यांच्या मनाचं काय होईल ते मला नाही कळत. ते तुम्हाला कळतं."

घ्या! म्हणजे फिरून फिरून तिच्याच पदरात. येताना गाडीत ती भडकली. डॉक्टरवर, रामरावांवर, हरण्या-चित्र्यावर, त्या मेल्या पटावर. सगळ्यांचा उद्धार झाला, आणि मग नवऱ्याकडं वळली. "आणि तुम्ही! ऊठसूट मनगटाला कासरा! सोडला असता तर हे झालं असतं का? समदा माळ सोड सोड म्हणून राह्यल्ता!"

"मला न्हाई ऐकू आलं."

"एवढी माणसं ओरडली, न्हाई ऐकू आलं?"

"न्हाई गं." तो बैलांकडं बघत बोलत होता. "खरं सांगतो. जोडी सुटली की मला काहीच ऐकू येत न्हाई. हलगी न्हाई, माणसं न्हाई. नुसत्या खुरांचा आवाज, आणि मंग तो बी जातो. तू शपथ घातलीस तर मी घेईन. पण तिथं ती आठवायला तर पायजे."

सगुणाबाई म्हणाली, "मी हाक मारली तर?"

"तू?" तो खूप दिवसांनी हसला. "तू काय हाक मारणार? 'अवं' म्हणशील. पटात हजार जण अवं, आगं करत असतेत. कुणाचं अवं कुणाला कळावं?"

"हसू नका."

"बरं, न्हाई हसत."

गाडी राजूरच्या वेशीत शिरली तेव्हा ती म्हणाली, "बसा. पण मी येणार पटाला. आणि मनगटाला वेढा घालायचा न्हाई. मुठीत धरायचा. शब्द द्या."

त्यानं शब्द दिला. आणि त्याच रात्री घरात कितीतरी दिवसांनी त्यानं भाकरी मागून घेतली, "आणखी एक वाढ" म्हणून. सगुणाबाई वाढत होती आणि मनात म्हणत होती, देवा राजूरच्या गणपती, मी हे काय करून बसले!

जालन्याचा पट जुन्या जालन्याच्या बाहेरच्या माळावर होता. माळ माणसांनी नुसता फुलला होता. कडेला सवारीच्या गाड्या उभ्या करून त्यांत शहरातल्या चार बायका पडद्याआड बसल्या होत्या. सगुणाबाईनं आपली गाडी वाटेच्या अगदी जवळ लावायला लावली आणि साळूबाईला बरोबर घेतलं. ती स्वतः पडद्याबिडद्याच्या भानगडीत पडली नाही. पदर डोक्यावर घट्ट ओढून गाडीत उभीच राहिली.

निघायच्या आधी तिनं हरण्या-चित्र्याला हळदकुंकू लावलं. कारभारीनं हात पुढं करून तिला मनगट दाखवलं, उघडं. कासरा मुठीत. "बघ, बराबर हाये का?"

"बराबर हाये. जा."

झेंडी पडली. शेजारी शहागडची जोडी होती, नदीकाठच्या वाळूत पळायला शिकलेली, मोठी चिवट. पण हरण्या-चित्र्यानं कित्येक दिवसांनी तो जिभेचा आवाज ऐकला होता. काय सुटली जोडी! सगुणाबाईनं आपल्या नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा पटात बघितलं. फळीवर तो बसलाय असं वाटतच नव्हतं, जोडीबरोबर तोच पळतोय असं वाटत होतं. धुळीनं पांढरा झालेला गडी, केस उडतायत, आणि चेहरा तोच, गोठ्यातला. एवढी ती भ्यालेली होती, तरी एक क्षण तिला वाटलं, बरं झालं मी हो म्हणाले. हे बघायला मिळालं.

मग शहागडची जोडी बरोबरीला आली. आणि सगुणाबाईला दिसलं. कारभारीनं हात फिरवला, एकदाच, सवयीनं, आणि कासऱ्याचा वेढा मनगटावर.

"आरं देवा," ती म्हणाली.

पुढं वाटेत पावसाळ्यातली जुनी चाकोरी होती. उजवं चाक तिच्यात गेलं, डावं वर आलं. चांगला पाय असता तर त्यानं सावरलं असतं. दुखरा पाय फळीवरून घसरला. कारभारी एका अंगाला लोंबला, मनगट कासऱ्यात, पाय जमिनीवर फरपटतोय, आणि चाक त्याच्या खुब्यापासून वीतभर. माळ ओरडायला लागला, "सोड! सोड रे!" बाप्ये ओरडत होते, रामराव ओरडत होते, हलगीवाला हलगी टाकून ओरडत होता. कारभारी सोडत नव्हता. त्याला ऐकूच येत नव्हतं. सगळ्या माळावर हे फक्त एकीला ठाऊक होतं.

सगुणाबाई गाडीच्या कठड्यावर चढली. पदर डोक्यावरून पडला. सासूबाई आठवल्या, आयुष्याचं आठवलं, सगळं आठवलं तिला, विसरली बिसरली काही नाही. आणि तिनं बेंबीच्या देठापासून हाक मारली.

"कारभारीऽऽ!"

उखाणा नाही, यमक नाही. उघडं नाव.

"कारभारी, सोडा!"

कारभारीनं मान वळवली. एवढ्या गलक्यात, एवढ्या धुळीत, नेमकी तिच्याकडं. आणि मनगट सोडवलं.

तो उजव्या कुशीवर पडला, दोन कोलांट्या खाऊन थांबला. छकडा निघून गेला. हरण्या-चित्र्यानं शहागडच्या जोडीला मागं टाकून पल्ला गाठला, पण वर धुरकरी नाही, म्हणजे जोडी बाद. रामरावांनी डोक्यावरचा पटका काढून जमिनीवर आपटला.

कारभारी उठला. आधी गुडघ्यावर, मग दोन्ही पायांवर. उभा राहिला.

इकडं सगुणाबाई गाडीत मटकन बसली आणि तोंडावर हात घेऊन ओक्साबोक्शी रडायला लागली. साळूबाई तिला हलवत होती. "आगं वाचला! बघ, उभा हाये! रडून काय राह्यलीस?"

"मी नाव घेतलं गं."

"कवा?"

"आत्ता. समद्या माळापुढं."

"कारभारी म्हणालीस! त्यात काय मोठं? आम्ही समद्या रोज म्हणतो."

"तुम्ही म्हणता गं," सगुणाबाई हुंदके देत म्हणाली. "मी घेतलं."

आणि खरंच, त्या माळावर हजारो माणसांनी ती हाक ऐकली आणि कुणाला त्यात काही वाटलं नाही. एक बाई आपल्या नवऱ्याला कारभारी म्हणून ओरडली, एवढंच. तालुकदारसाहेबांना काही कळलं नाही, रामरावांना काही कळलं नाही. कळलं ते एकाच माणसाला, आणि तो पाय ओढत, धुळीनं माखलेला, कुणाकडं न बघता तिच्या गाडीकडं येत होता.

जवळ आल्यावर तिनं डोळे पुसले आणि आधी झापलं. "वेढा घातला ना?"

"व्हय."

"शब्द दिल्ता!"

"व्हय. चुकलं." तो गाडीच्या चाकाला टेकला. दम लागलेला. "आलं मला ऐकू."

"काय ऐकू आलं?"

तो तिच्याकडं नुसता बघत राहिला. ती परत रडायला लागली. "मी तुमचं आयुष्य तोडलं हो. माझ्या तोंडानं तोडलं."

दवाखाना जवळच होता म्हणून तसाच त्याला नेला. ओसरीवर तोच मुकुंद, तोच टाक. "नाव?"

कारभारी तोंड उघडणार तेवढ्यात सगुणाबाई म्हणाली, "कारभारी." आता झालंच आहे तर कशाला अडायचं, असा तिचा सूर.

"ते कळलं हो बाई," मुकुंद म्हणाला, "पण नाव काय?"

त्याबरोबर कारभारी जो हसायला लागला, बरगड्या धरून, "आई गं, दुखतंय, आई गं" म्हणत. सगुणाबाई डोळ्यात पाणी आणि ओठावर हसू घेऊन त्याला "गप बसा" म्हणत होती. मुकुंद बिचारा दोघांकडं बघत राहिला.

मार्तंडरावांनी तपासलं. खुबा शाबूत. मनगट सोललेलं, कुशीला मुका मार, बाकी काही नाही. पट्टी बांधता बांधता ते म्हणाले, "नशीबवान आहात. पुढच्या साली पुन्हा बसणार असाल तर बसा, हाडाची मला आता तेवढी भीती वाटत नाही."

"न्हाई," कारभारी म्हणाला. "पट बास झाला."

"का? भ्यालात?"

"व्हय. भ्यालो."

डॉक्टरांना ते खरं वाटलं. गावातही सगळ्यांना खरं वाटलं. रामराव तर पुढं कितीतरी दिवस पारावर सांगत होते, की कारभारी भ्याला, खुबा मोडला तेव्हाच त्याच्यातला गडी मोडला. कारभारीला कुणी विचारलं तर तो म्हणायचा, व्हय, भ्यालो. हरण्या-चित्र्यानं मग शेत नांगरलं, आणि पटाच्या दिवसांत हा बांधाला जाऊन बसायचा बंद झाला. घराच्या ओट्यावर बसून हलगी ऐकायचा.

पण त्या दिवशी परतीच्या वाटेवर, गाडी जालन्याच्या बाहेर पडल्यावर, सगुणाबाईनं त्याला विचारलं होतं. साळूबाई येताना गावच्या मागच्या गाडीत बसली होती. हरण्या-चित्र्या मागं दाव्यानं बांधलेले, मुकाट चालत होते.

"खरंच भ्याला का तुम्ही?"

"पडायला न्हाई भ्यालो."

"मंग?"

"मी परत बसलो तर परत पडन. वेढा माझ्या हातात हाये, तो सुटायचा न्हाई. आणि तुला परत नाव घ्यावं लागंल. एकदा घेतलं. तेवढ्यानंच किती रडलीस."

भीत भीत सगुणाबाईनं विचारलं, "तुमचा इस्वास हाये का? नाव घेतल्यानं आयुष्य कमी होतं म्हणून?"

"माझा? बिलकुल न्हाई." कारभारी म्हणाला. "पण तुझा हाये ना."

तिनं पुढं सरकून त्याच्या हातातला कासरा घेतला, कारण त्याचं मनगट सोललेलं होतं. बाई गाडी हाकतेय म्हणून रस्त्यातली माणसं वळून वळून बघत होती, आणि सगुणाबाईनं राजूरपर्यंत गाडी तशीच हाकत आणली.